रेस दिली की बंद पडतं

आमच्या ह्यांना बोलणं टाळायचं असलं की हे चेनसॉ सुरू करतात. बाकीच्या बायकांचे नवरे पेपरात तोंड घालतात, झोपेचं सोंग घेतात, नाहीतर चप्पल पायात सरकवून बाहेर पडतात. आमच्याकडे दोरी ओढतात. मी "अहो, जरा ऐकता का" म्हटलं रे म्हटलं, की हे उठून शेडमध्ये. मग घुर्रर्र, घुर्रर्र. कार्बोरेटरच्या स्क्रूला स्क्रू ड्रायव्हर लावायचा, जरासं इकडे, जरासं तिकडे. "स्लो बिघडलंय," म्हणायचं. रेस न देता मशीन नुसतं घुरघुरतं, ते स्लो. त्याला काय धाड भरली होती? बरं चाललेलं असायचं बिचारं. पण मी तोंड उघडलं की त्या मशीनचं दुखणं उपटायचंच.

झाडं तोडायची आणि ओंडके वखारीला द्यायचे, हा ह्यांचा धंदा. म्हणून घरही रानाच्या टोकाला. कच्चा रस्ता आमच्या दारापाशी येऊन संपतो, पुढे नुसती झाडं. शेजार नाही की पाजार नाही. वखारवाला संध्याकाळी ट्रॅक्टर घेऊन ओंडके न्यायला येतो, तेवढंच काय ते माणसाचं तोंड दिसायचं, आणि तोही इंजिन बंद न करता बोलतो. फोन लावायचा तर मागच्या टेकाडावर चढून हात वर करून उभं राहायचं. लग्न होऊन मी इथं आले तेव्हा वाटलं होतं, काय शांतता आहे! शांतता कसली, सकाळपासून कानाला मशीन. लेक होती तोवर तिच्याशी बोलायची तरी. ती लग्न करून शहरात गेली आणि मग मी भांड्यांशी बोलायला लागले.

लेकीला सातवा महिना लागला होता. ती म्हणाली, "आई, ये. आणि आलीस की राहाच. पोराला मी एकटीनं कशी सांभाळू? तुझ्यासाठी खोली रिकामी करून ठेवलीय, खिडकी रस्त्यावर उघडते." रस्त्यावर खिडकी! माणसं जाताना-येताना दिसणार. मी त्याच दिवशी मनाशी ठरवलं, महिन्याभरानं येणाऱ्या रविवारी निघायचं. पाहुणी म्हणून नाही, कायमचं. लेकीला कळवलं, जावयाला कळवलं, कॉटखाली पिशवीही भरून ठेवली. कळवायचं राहिलं होतं ते एकाच माणसाला. महिनाभर रोज प्रयत्न केला हो. रोज "अहो" आणि रोज घुर्रर्र. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो हाच.

त्या आठवड्यात मी घर घासूनपुसून लख्ख करायला घेतलं होतं. गेली ती गेली, वर घाण ठेवून गेली, असं कुणी म्हणायला नको. फळ्या झाल्या, शेगडी झाली, माळा झाला. शेवटी एका रात्री, हे झोपल्यावर, शेडमध्ये गेले आणि मशीनचं वरचं झाकण उघडून बघितलं. आतला एअर फिल्टर म्हणजे काळाकुट्ट! भुसा आणि तेल ह्यांचा नुसता लेप बसलेला. श्वास तरी कसा घेत होतं ते! फिल्टर काढला, साबणाच्या पाण्यात धुतला, शेगडीच्या उबेवर खडखडीत वाळवला आणि पुन्हा बसवला. म्हटलं, मी सुटतेय, ह्यालाही जरा मोकळं वाटू दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे मशीन घेऊन उताराकडे गेले. रात्रीच्या वाऱ्यानं एक झाड रस्त्यावर आडवं झालं होतं. मी भांडी विसळत होते आणि आवाज ऐकत होते. ऐकत होते म्हणजे काय, तो कानावर पडतोच. मशीन सुरू झालं. बंद पडलं. सुरू झालं, लाकडाला लागलं, आणि खोकून पुन्हा बंद. मी म्हटलं, बसा आता फिरवत स्क्रू. मग काड्कन आवाज आला, आणि मग ह्यांचा.

"अगंऽऽ!"

ते मला अशी हाक मारत नाहीत. मी ओल्या हातांनीच धावले.

उताराच्या खालच्या अंगाला हे चरात उताणे पडले होते आणि उजव्या पायावर, गुडघ्याखाली, ओंडका. काप अर्धवट असताना मशीन बंद पडलं होतं. ते खालच्या बाजूला उभे राहून स्क्रू फिरवत बसले आणि अर्धवट कापलेलं लाकूड आपल्याच वजनानं फाटून घरंगळलं होतं. नवशिक्याही तिथं उभा राहत नाही. चर होता म्हणून पाय चेचला नव्हता, पण ओंडक्याच्या शेंड्याला फांद्यांचा हा एवढा भार, आणि खालची माती ओली. बघता बघता तो ओंडका बोटभर खाली बसला आणि ह्यांच्या तोंडून नुसती हवा बाहेर पडली.

"बोटं कळतायत?" मी विचारलं.

"काही कळत नाही."

खोटं कशाला बोलू, मला आधी पाय आठवला नाही. मला रविवार आठवला. पाय मोडला म्हणजे प्लास्टर, मग कुबड्या, मग हात धरून मोरीपर्यंत नेणं. कोण करणार ते? वखारवाला? मी तिथं चिखलात गुडघे टेकून बसले होते आणि मला ती खिडकी डोळ्यांसमोर बंद होताना दिसत होती. आणि ह्यांच्या कपाळावरचा घाम बघून स्वतःचीच लाजही वाटत होती. दोन्ही एकदमच.

ओंडक्याला खांदा लावून बघितला. ढिम्म हलेना. एक दगड आणून ह्यांच्या बाजूनं खाली सारला, निदान आणखी बसू नये म्हणून. वखारवाला बाजाराला गेलेला, संध्याकाळशिवाय यायचा नाही. डांबरी रस्त्यापर्यंत चालत जाऊन माणूस शोधून आणायचा तर दुपार उलटली असती, आणि ती माती काही दुपारपर्यंत थांबणार नव्हती.

"शेंड्याचा भार तोडायचा," हे म्हणाले. "तो तुटला की राहिलेला तुकडा त्या तिथल्या वाशानं उचलता येईल. मशीन आण इकडे."

"आणते. पण तुम्ही पडल्या पडल्या कापणार का?"

त्या मशीनला त्यांनी मला कधी हात लावू दिला नव्हता. अडला नारायण गाढवाचे पाय धरी म्हणतात. गाढव मीच, पण मला त्या वेळी वाईट नाही वाटलं.

मशीन लांब उडून पडलं होतं. उचललं, पुसलं, चेनचा ब्रेक लावला, ह्यांना करताना बघितलं होतं तसं पायानं दाबून धरलं आणि दोरी ओढली. सुरू झालं. स्लोवर चाललंही, जरा धापा टाकत. रेस दिली आणि गचकलं. पुन्हा ओढली. पुन्हा तेच.

"पेट्रोल बघ."

"अर्धी टाकी आहे."

"झाकण सैल करून बघ. हवा धरली असेल टाकीनं."

सैल केलं, पुन्हा आवळलं. रेस दिली की बंद. प्लगची टोपी दाबून बघितली, घट्ट होती. हे पडल्या पडल्या डाफरत होते, "चोक पूर्ण आत आहे ना? बघ नीट! नीट बघ!" आणि ओंडका मधूनच कुरकुरत होता.

"काल संध्याकाळी ठणठणीत होतं हे," ते म्हणाले. "रात्रीतून काय झालं ह्याला?"

रात्रीतून. माझ्या हातातली दोरी तशीच राहिली. रात्रीतून एकच गोष्ट झाली होती. करायला गेले काय आणि वरती झाले पाय! फिल्टर तुंबलेला, म्हणून मशीनला हवा कमी मिळत होती. हवा कमी म्हणून ते पेट्रोलमध्ये बुडायचं, धूर ओकायचं, आणि हे फिल्टर साफ करायचं सोडून स्क्रू आवळून पेट्रोल कमी करायचे. वर्षभर थोडं थोडं. मी रोज "अहो" म्हणायची आणि हे रोज थोडं आवळायचे. आणि मी एका रात्रीत फिल्टर धुऊन टाकला. आता हवा भरपूर आणि पेट्रोल तेवढंच. रेस दिली की उपाशी माणसानं जिना चढावा तसं व्हायचं.

"मी फिल्टर धुतला," मी म्हटलं.

"काय?"

"एअर फिल्टर. काल रात्री. भरला होता नुसता. तुम्ही त्या घाणीवर स्क्रू लावत होता, आता घाण नाही म्हणून ते चालत नाही."

ह्यांचा चेहरा लालेलाल झाला. "कुणी सांगितलं होतं? आं? कुणी सांगितलं होतं तुला हात लावायला? इतक्या वर्षांत नाही धुतलास तो, कालच बरं सुचलं!"

"जाणार म्हणून सुचलं."

बोलून गेले. महिनाभर जे घशात अडकलं होतं ते असं चिखलात, स्क्रू ड्रायव्हर शोधता शोधता बाहेर पडलं.

"कुठं जाणार?"

"लेकीकडे. रविवारी. आणि परत यायची नाही मी."

ह्यांचा हात सवयीनं बाजूला गेला, दोरी शोधायला. मशीन माझ्या पायाखाली होतं. हात नुसताच गवतावर फिरला आणि परत आला. उठून जाता येत नाही, आवाज करता येत नाही. जन्मात पहिल्यांदा ह्या माणसाला माझं ऐकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मग मी सोडते का? त्यांचा पाय ओंडक्याखाली आणि मी बोलतेय! सगळं बोलले. भांड्यांशी बोलते ते, लेकीचं लग्न ठरलं त्या दिवशीही हे शेडमध्ये होते ते, मागे एकदा माझा घसा आठवडाभर बसला होता आणि ह्यांच्या लक्षातही आलं नव्हतं ते. "तुम्हाला वाटतं मी इथं राहते. मी इथं अडकलेय, अहो. तुमचा पाय आज अडकला, माझं सगळं अंग अडकलंय."

बोलताना स्क्रू ड्रायव्हर सापडला. तो त्यांच्याच शर्टाच्या खिशात होता.

ते आकाशाकडे बघायला लागले. मग हळूच म्हणाले, "आणि हा पाय मोडला असला तर?"

त्यांच्या तोंडून तेच आलं तेव्हा माझा संताप अनावर झाला. "मोडला असला तर राहीन! दुसरं काय करणार? असं टाकून जाणारी असते तर कधीच गेले असते. झालं समाधान?"

मी डोळे पुसले, नाक पुसलं, आणि मशीनकडे वळले.

"कुठला स्क्रू? सांगा."

"तीन आहेत," ते म्हणाले. आवाज एकदम बारीक झाला होता. "शेजारी शेजारी दोन, एक स्लोच्या पेट्रोलचा, एक फुल रेसचा. जरा लांब एकटा आहे तो नुसतं स्लो कमी-जास्त करायचा, त्याला आता हात नको लावू. आधी स्लोच्या पेट्रोलचा. आत फिरव, अगदी हलक्या हातानं, टेकला की थांब. जोर नको देऊस, टोक मोडतं."

मी फिरवला. चिमूटभर फिरला आणि टेकला.

"बघा! इतका आवळलेला!"

"आता एक फेरा बाहेर. पुरा एक." त्यांनी बोट वर केलं. "दुसराही तसाच कर."

केला. मशीन झाडाच्या बुंध्याला टेकवलं आणि दोरी ओढली. या खेपेला आवाज वेगळाच आला, भरलेला. रेस दिली. जरासं अडखळलं, पण मेलं नाही. हे ओरडत होते, हातानं खुणा करत होते, "बाहेर, अजून बाहेर" की "आत", देव जाणे. मी त्यांच्याकडे बघणंच सोडलं. डोळे मिटले. मशीन नवीन आणलं तेव्हा स्वयंपाकघराच्या भिंतीतून कसं ऐकू यायचं ते मला पाठ होतं. तोच आवाज नको असताना इतकी वर्षं कानात भरला होता, तर आज त्याचा उपयोग व्हायला काय हरकत होती? स्लोच्या पेट्रोलचा स्क्रू केसभर बाहेर घेतला. रेस दिली. चांगली उचलली, कुठं अडखळली नाही. फुल रेसला आवाज जरा चिरका वाटला, तो दुसरा स्क्रू केसभर बाहेर घेतला. मग ब्रेक सोडून बघितलं तर स्लोवरच चेन फिरायला लागली होती. मशीन बंद करून तो एकटा लांबचा स्क्रू सैल केला, पुन्हा सुरू करून बघितलं, मग आणखी जरा सैल केला. चेन थांबली आणि मशीन मांजरासारखं घुरघुरत राहिलं.

हे अजून ओरडत होते. त्यांचं तोंड हलताना दिसत होतं. एकच काहीतरी पुन्हा पुन्हा म्हणत होते, मानेच्या शिरा ताणून. मला ऐकू येत नव्हतं. आणि मी बंदही केलं नाही. मनात म्हटलं, बघा आता कसं वाटतं ते.

कापताना मात्र भीती वाटली. पातं वरून थोडं घातलं, मग खालून, नाहीतर लाकूड मिटून पातं धरतं, हे मी बघून बघून शिकले होते. भुशाचा फवारा अंगावर येत होता. रेस दाबून धरलेली, आणि मशीन एकदाही चुकलं नाही. शेंडा तुटला आणि फांद्यांसकट धाडकन खाली गेला. राहिलेला तुकडा जरा उसळला. मी मशीन बंद करून फेकलंच, वासा खाली घातला, त्यावर आडवी पडले आणि किंचाळले, "ओढा!"

त्यांनी पाय ओढून घेतला.

मी जवळ जाऊन पाय बघितला. सालटं गेलं होतं, पिंढरी काळीनिळी झाली होती, घोटा सुजत होता. मी दाबून बघितला, ते "आई गं" म्हणाले. पण कुठं वाकडं दिसत नव्हतं.

"मघाशी काय ओरडत होतात?" मी विचारलं.

ते पायाकडे बघत राहिले. "स्लो जरा जास्त झालंय म्हणत होतो."

"कमी केलं मी ते."

"हो. दिसलं."

माझ्या खांद्यावर हात टाकून ते घरापर्यंत आले. सगळा भार माझ्यावर. चालतानाही मी पायाकडे बघत होते: टेकवतात की नाही? टेकवत नव्हते. दारात पोचेपर्यंत माझी कंबर मोडली आणि मनात रविवारही मोडला. त्यांना खुर्चीत बसवलं, पाय गार पाण्यात ठेवला. आत जाऊन कॉटखालची पिशवी ओढली आणि एक-एक लुगडं काढून परत कपाटात ठेवायला लागले. काय रडावं! रडले मात्र नाही. घड्या नीट घातल्या.

आणि तेवढ्यात शेडमधून दोरी ओढल्याचा आवाज आला. घुर्रर्र.

माझं डोकंच फिरलं. पाय टेकवत नाही म्हणे माणूस आणि शेडपर्यंत गेला! आजसुद्धा! लाज नाही, शरम नाही! हातातलं लुगडं तसंच घेऊन मी तरातरा शेडकडे गेले.

हे मशीन पुढ्यात घेऊन उभे होते. उभे, दोन्ही पायांवर. दुखरा पाय जरा वाकडा, पण टेकवलेला. स्क्रू ड्रायव्हर हातात नव्हता. मशीन माझ्या स्लोवर घुरघुरत होतं आणि हे माझ्याकडे बघून काहीतरी बोलत होते. ओठ तसेच हलत होते, मघाशी हलत होते तसेच.

मला तेव्हा कळलं. ह्या माणसाला बोलायचं असलं तरी मशीनच लागतं.

मी पुढे गेले आणि बटण दाबून बंद केलं. इतकी शांतता झाली की बाहेर ओंडक्यावरून एखादी साल गळाली असती तरी ऐकू आली असती.

"आता म्हणा," मी म्हटलं.

त्यांनी मशीनकडे बघितलं, पायाकडे बघितलं. ओठ ओले केले. मी घाई केली नाही.

"बोटं हलत होती," ते म्हणाले. "तू स्क्रू फिरवत होतीस ना, तेव्हाच हलायला लागली होती. मोडलेला नाही पाय. तेच ओरडत होतो. मोडलेला नाही, तू जा, म्हणून." मग अडखळले. "मग मशीन बंद झालं. मग काही जमेना."

"आणि घरापर्यंत? सगळा भार टाकलात तो?"

"तेवढीच सोबत," ते म्हणाले.

मला वाटलं होतं हे ऐकलं की मला हसू येईल, नाचावंसं वाटेल. मी लुगडं तोंडाशी धरलं आणि भोकाड पसरलं. ते जवळ आले नाहीत, त्यांना ते येतच नाही. पण दोरीलाही हात लावला नाही. उभे राहिले तिथंच, माझं रडणं सबंध ऐकत.

मग म्हणाले, "रविवारी सोडायला येतो वखारवाल्याच्या ट्रॅक्टरनं. तो फिल्टर कसा धुवायचा, तेवढं जाण्याआधी दाखव."